पीसीआरला एकच एन्झाइम पुरतं, मग पेशीला एवढी का लागतात?

एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा: प्रॅक्टिकलला पीसीआर (ट्यूबमध्ये डीएनएच्या प्रती काढण्याची पद्धत) केला. ट्यूबमध्ये टॅक पॉलिमरेज हे डीएनएची नक्कल लिहिणारं एकच एन्झाइम घातलं आणि दोन तासांत डीएनएच्या कोट्यवधी प्रती तयार झाल्या. मग पेशीत त्याच कामासाठी हेलिकेज, प्रायमेज, जायरेज, लायगेज अशी नावांची रांग कशाला? लॅगिंग स्ट्रँड (दोन नव्या धाग्यांपैकी मागे पडणारा) तुकड्यातुकड्यांनी बनवण्याचा खटाटोप कशासाठी? उलट्या दिशेने चालणारं पॉलिमरेज असतं तर हे सगळं वाचलं नसतं का?

बरीच वर्षं हा विषय शिकवतोय आणि पीसीआर तर रोजचाच. तरी हे दोन्ही एकमेकांसमोर ठेवून विचारणारे थोडेच भेटतात. पुस्तकात एन्झाइमांचा तक्ता असतो, मुलं तो पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. या तक्त्यातली निम्मी नावं पॉलिमरेजच्या दोन अडचणींमुळे आली आहेत, आणि त्या दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. ते कळलं की पाठ करायला फारसं उरत नाही.

आधी पीसीआरबद्दल. तिथे एकच एन्झाइम काम करतं, कारण बाकीच्यांची कामं आपण करतो. ९५ अंशांना तापवून दोन धागे वेगळे करतो, हे हेलिकेजचं काम. कंपनीकडून मागवलेले वीसेक अक्षरांचे (न्यूक्लिओटाइडांचे) प्रायमर, म्हणजे जिथून नक्कल सुरू होते ते छोटे तुकडे, घालतो, हे प्रायमेजचं. तापवल्यामुळे दोन्ही धागे पूर्ण सुटे होतात आणि प्रत्येकाची नक्कल आपापल्या टोकापासून स्वतंत्रपणे होते. म्हणजे पीसीआरमध्ये फोर्कच (नक्कल होताना दोन धागे उलगडत जातात ती जागा) नसतो, आणि फोर्क नाही म्हणून लॅगिंग स्ट्रँडही नाही. प्रायमर डीएनएचाच असतो आणि शेवटी उत्पादनातच राहतो, त्यामुळे तो काढून जागा भरणं आणि सांधणं हे प्रश्न उद्भवत नाहीत. तुकडा काहीशे ते काही हजार अक्षरांचा. पॉलिमरेज मध्येच गळून पडलं तर दुसरं येऊन बसतं, कारण ट्यूबमध्ये त्यांची गर्दी असते. आणि चूक झाली तर ती त्या एका रेणूपुरती. जेलवर दिसणारा पट्टा असंख्य रेणूंचा असतो, त्यात ती बुडून जाते.

पेशीला यातली एकही सवलत नाही. तापमान वाढवता येत नाही, प्रायमर कोणी आणून देत नाही, मूळ प्रत एकच, आणि झालेली चूक पुढच्या सगळ्या वंशावळीत जाते.

आता त्या दोन अडचणी. आर्थर कॉर्नबर्ग यांनी सेंट लुईसमध्ये १९५६ साली ई. कोलाय या जीवाणूमधून पहिलं डीएनए पॉलिमरेज वेगळं केलं. त्यानंतर जीवाणू, विषाणू, वनस्पती, माणूस अशा सगळ्यांकडून पॉलिमरेजं मिळाली, पण दोन गोष्टी जवळजवळ कोणाच्याही बदलल्या नाहीत. एक, डीएनए पॉलिमरेज शून्यातून सुरुवात करत नाही. जोडीला नीट बसलेलं एक ३′ टोक त्याला आधी लागतं (धाग्याच्या दोन टोकांना ५′ आणि ३′ म्हणतात). दोन, ते नवा धागा ५′ कडून ३′ कडेच वाढवतं.

रसायन असं: येणाऱ्या न्यूक्लिओटाइडवर तीन फॉस्फेटांची साखळी असते. वाढत्या धाग्याच्या ३′ टोकावरचा हायड्रॉक्सिल त्यातल्या सर्वांत आतल्या फॉस्फेटवर हल्ला करतो, बाहेरचे दोन फॉस्फेट जोडीने सुटतात आणि बंध तयार होतो. हे घडवून आणायला मॅग्नेशियमचे दोन आयन लागतात. म्हणूनच टेंप्लेटमध्ये (ज्याची नक्कल करायची त्या डीएनएत) ईडीटीए हे रसायन जास्त राहिलं की पीसीआर फसतो: ते मॅग्नेशियम धरून ठेवतं. महत्त्वाचा मुद्दा हा, की जोडणीची ऊर्जा येणारं अक्षर स्वतःसोबत घेऊन येतं.

आता उलट दिशेने चालणारं पॉलिमरेज कल्पून पाहा. ते ५′ टोकाला अक्षरं जोडणार. म्हणजे तीन फॉस्फेटांची ऊर्जा वाढत्या धाग्याच्या टोकावर असायला हवी, आणि येणाऱ्या अक्षराने ती वापरायची. कागदावर यात काही चूक नाही. पण समजा चुकीचं अक्षर बसलं. ते काढायचं तर टोकावरचा ट्रायफॉस्फेटही त्याच्यासोबत जातो. मागे उरतं ऊर्जा नसलेलं टोक, ज्याला पुढचं अक्षर जोडता येत नाही. धागा तिथेच ठप्प. आपल्या खऱ्या पॉलिमरेजला ही अडचण येत नाही. त्याने शेवटचं अक्षर कापलं तरी मागे साधा हायड्रॉक्सिल उरतो, आणि पुढचं अक्षर आपली ऊर्जा घेऊन हजर होतं. थोडक्यात, चूक खोडून पुढे लिहीत राहायचं असेल तर ५′ ते ३′ हीच दिशा परवडते. उत्क्रांतीत नेमकं काय घडलं ते पाहायला कोणी नव्हतं, पण मला हेच स्पष्टीकरण सर्वांत पटतं.

प्रायमर लागण्याचं कारणही याच्याच शेजारी आहे. खोडायची सवय असलेलं एन्झाइम पुढचं अक्षर जोडण्याआधी मागचं नीट जुळलंय का ते बघतं. जुळलं नसेल तर टोक सैल पडतं, सरकून एन्झाइमच्या दुसऱ्या खोबणीत जातं आणि तिथे ते अक्षर कापलं जातं. याला प्रूफरीडिंग म्हणतात. आता मागे काहीच नसेल तर तपासायचं काय? जे मागचं तपासल्याशिवाय पुढे जात नाही, त्याला पहिलं अक्षर लिहिता येणं कठीणच. सुरुवात करण्यासाठी तपासणीबाबत ढिलं असलेलं कोणीतरी लागतं, आणि ते म्हणजे प्रायमेज. हे खरं तर आरएनए बनवणारं एन्झाइम आहे. ई. कोलायमध्ये ते दहा-बारा अक्षरांचा आरएनए तुकडा घालून देतं. माणसात ते अल्फा पॉलिमरेजच्या जोडीने काम करतं: आधी दहाएक अक्षरं आरएनएची, मग वीसेक डीएनएची.

प्रायमर आरएनएचाच का, हे मुलं नेहमी विचारतात. सुरुवातीचा मजकूर ढिल्या हाताने लिहिलेला, म्हणून त्यात चुकांची शक्यता जास्त. तो वेगळ्या शाईत असला की नंतर ओळखून काढून टाकता येतो आणि तिथे तपासलेला मजकूर भरता येतो. आरएनए ही ती वेगळी शाई.

म्हणजे शुद्धलेखनाचा आग्रह धरल्यामुळे पॉलिमरेजला दोन बंधनं आली, आणि त्या बंधनांची भरपाई करायला बाकीची मंडळी आली. लॅगिंग स्ट्रँड हे त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. डीएनएचे दोन धागे परस्परविरुद्ध दिशेचे. फोर्क एका दिशेने उघडत जातो, पण पॉलिमरेजला दोन्ही धाग्यांवर ५′ ते ३′ च लिहायचंय. एका धाग्यावर ते फोर्कच्या मागोमाग सरळ जातं, हा लीडिंग. दुसऱ्यावर, म्हणजे लॅगिंगवर, फोर्ककडे पाठ करून थोडं लिहायचं, थांबायचं, फोर्कजवळ परत येऊन नव्या प्रायमरपासून पुन्हा लिहायचं.

हे तुकडे खरंच असतात, हे नागोयाच्या रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवलं. प्रयोग सुंदर आहे. वाढत्या जीवाणूंना किरणोत्सारी थायमिडिन फक्त काही सेकंद द्यायचं आणि लगेच थांबवायचं, म्हणजे नुकतंच लिहिलेलं तेवढंच उजळतं. मग अल्कलीत धागे सुटे करून लांबीप्रमाणे वेगळे करायचे. नुकतं बनलेलं बरंचसं डीएनए एक-दोन हजार अक्षरांच्या तुकड्यांत सापडलं. थोडा जास्त वेळ दिला की तेच तुकडे लांब धाग्यात सामावलेले दिसत. लायगेज (तुकडे सांधणारं एन्झाइम) बिघडलेल्या टी-४ विषाणूत मात्र तुकडे साचून राहिले. रेजी विद्यार्थी असताना हिरोशिमातल्या अणुबॉम्बच्या किरणोत्साराच्या तडाख्यात सापडले होते. १९७५ मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी, ल्युकेमियाने ते गेले. त्सुनेको यांनी काम पुढे चालू ठेवलं आणि तुकड्यांच्या टोकाशी असलेल्या आरएनए प्रायमरचा छडा लावला.

ई. कोलायमध्ये एका फेरीत असे दोन ते चार हजार तुकडे बनतात. आपल्या पेशींत तुकडे आखूड, शे-दोनशे अक्षरांचे, त्यामुळे एका विभाजनात त्यांची संख्या काही कोटींवर जाते. प्रत्येकाचा प्रायमर काढायचा, जागा भरायची, सांधायचं. ई. कोलायमध्ये काढणं आणि भरणं ही दोन्ही कामं मुख्यतः पॉलिमरेज-१ करतं. पुढचा आरएनए कुरतडत जायचं आणि मागे डीएनए लिहीत जायचं. माणसात डेल्टा पॉलिमरेज जुना प्रायमर उचलून बाजूला सारतं, फेन-१ हे एन्झाइम ती लोंबणारी पट्टी कापतं.

इथे एक घोळ निस्तरतो, कारण तो परीक्षेत हमखास विचारतात. कॉर्नबर्ग यांना सापडलेलं ते हेच पॉलिमरेज-१. तेच सगळा जीनोम (पेशीतलं सगळं डीएनए) लिहितं अशी बरीच वर्षं समजूत होती. १९६९ मध्ये जॉन केर्न्स आणि पॉला डी ल्युसिया यांनी हजारो वसाहती तपासून असा एक ई. कोलाय शोधला, ज्यात या एन्झाइमची क्रिया जवळजवळ नव्हती. तो जीवाणू मजेत वाढत होता, फक्त अतिनील किरणांपुढे तग धरत नव्हता. मग मुख्य लेखनिक कोण? पुढच्या दोन वर्षांत पॉलिमरेज-२ आणि पॉलिमरेज-३ सापडली, आणि ती शोधणाऱ्यांत होते थॉमस कॉर्नबर्ग, आर्थर यांचे चिरंजीव. फोर्कवर मुख्य काम पॉलिमरेज-३ करतं. आपल्या पेशींत लीडिंग धाग्यावर मुख्यतः एप्सिलॉन आणि लॅगिंगवर डेल्टा.

शेवटचा सांधा लायगेजचा. एका बाजूला ३′ हायड्रॉक्सिल, दुसऱ्या बाजूला ५′ फॉस्फेट, मध्ये फक्त एक बंध तुटलेला. ई. कोलायचं लायगेज त्यासाठी एनएडी वापरतं. माणसाचं आणि प्रयोगशाळेतलं टी-४चं लायगेज एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारं द्रव्य) वापरतं. क्लोनिंग (डीएनएचा तुकडा दुसऱ्या डीएनएत जोडणं) जमत नाही म्हणून मुलं लायगेजला दोष देतात, आणि पुष्कळदा दोष बफरचा निघतो. त्यात एटीपी असतं आणि बाटली वारंवार वितळवून गोठवली की ते खराब होतं. नवीन बफर आला की लगेच छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवा.

प्रूफरीडिंगच्या आग्रहातून आलेली यादी इथे संपते. उरलेली मंडळी रेणूच्या आकारामुळे लागतात.

धागे उघडतं हेलिकेज. सहा तुकड्यांचं हे कडं एका धाग्याभोवती बसतं आणि एटीपी खर्चून पुढे सरकतं. तक्त्यात न येणारा एक फरक लक्षात ठेवा: जीवाणूचं हेलिकेज लॅगिंग धाग्यावर बसून चालतं, आपलं लीडिंग धाग्यावर. सुटा झालेला धागा पुन्हा स्वतःशी जुळू नये म्हणून एसएसबी प्रथिनं त्याला धरून ठेवतात, आपल्यात आरपीए.

खरी पंचाईत पिळाची. पीळ दिलेल्या सुंभाचे दोन पेड हातात धरून ओढा. इकडे ते सुटत जातात आणि पुढे पीळ गच्च होत जातो, शेवटी दोरी स्वतःवरच वळते. डीएनएत दर साडेदहा अक्षरांना एक वेढा असतो. ई. कोलायचा फोर्क सेकंदाला सुमारे हजार अक्षरं पुढे जातो, म्हणजे सेकंदाला जवळपास शंभर वेढे उलगडायला हवेत. गोलाकार गुणसूत्राला मोकळं टोकच नाही, पीळ जाणार कुठे? टोपोआयसोमरेज त्यासाठी थेट धागा कापतं, पीळ जाऊ देतं आणि पुन्हा जोडतं. एक धागा कापणारी ती पहिल्या प्रकारची, दोन्ही कापून त्या फटीतून दुसरा दुपदरी भाग पार करणारी ती दुसऱ्या प्रकारची. मार्टिन गेलर्ट यांनी १९७६ मध्ये शोधलेलं जायरेज हे दुसऱ्या प्रकारचं. कापल्यावर डीएनएचं टोक एन्झाइमलाच सहसंयुज बंधाने जोडलेलं राहतं, म्हणून ते हरवत नाही.

औषधांनी नेमकी हीच घडी गाठली आहे. सिप्रोफ्लॉक्सॅसिन जायरेजला कापलेल्या अवस्थेत अडकवतं. एन्झाइम नुसतं बंद पाडण्यापेक्षा हे जास्त घातक, कारण जीवाणूच्या गुणसूत्रात तुटलेल्या जागा तशाच राहतात. माणसाच्या टोपोआयसोमरेज-१ला असंच अडकवणारं द्रव्य म्हणजे कॅम्प्टोथेसिन. १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी अमेरिकेत एका चिनी वृक्षापासून ते वेगळं केलं. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, शिक्षण मुंबई विद्यापीठाचं. त्याचं लक्ष्य टोपोआयसोमरेज-१ आहे हे कळायला १९८५ उजाडलं, आणि त्यापासून बनलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कॅन्सरवरची औषधं १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. हेच द्रव्य सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडातही भरपूर असतं. कोकण-कोल्हापूरच्या जंगलांत नरक्याची चोरटी तोड होते ती यासाठी. ज्याच्यासाठी झाड जातं ते एक एन्झाइम अडकवण्याचं हत्यार आहे, हे तोडणाऱ्याला क्वचितच ठाऊक असेल.

वेगाबद्दल थोडं. पॉलिमरेज-३चा गाभा एकटा सोडला तर दहा-वीस अक्षरांतच धाग्यावरून सुटतो. त्याला धरून ठेवतं बीटा क्लॅम्प हे कडं, आपल्यात पीसीएनए. ते डीएनएभोवती बसतं आणि पॉलिमरेजला बांधून ठेवतं, मग तेच एन्झाइम हजारो अक्षरं न सुटता लिहितं. हे कडं उघडून बसवायला वेगळा क्लॅम्प लोडर लागतो. पीसीआरसाठी मिळणाऱ्या काही हाय-फिडेलिटी पॉलिमरेजना डीएनए धरून ठेवणारं एक छोटं प्रथिन जोडलेलं असतं, ती याच युक्तीची साधी आवृत्ती.

सुरुवात किती ठिकाणी करायची, हा हिशेब मुलांकडून मी करून घेतो. ई. कोलायचा जीनोम ४६ लाख जोड्यांचा, सुरुवातीची जागा एकच, तिथून दोन फोर्क दोन दिशांना, वेग सेकंदाला हजार. उत्तर येतं अडतीस मिनिटांच्या आसपास, आणि प्रत्यक्षातही सुमारे चाळीस लागतात. आपलं पहिलं गुणसूत्र पंचवीस कोटी जोड्यांचं आणि आपला फोर्क सेकंदाला पन्नासच्या आसपास. एकाच जागेपासून सुरुवात केली तर महिना लागेल. प्रत्यक्षात काम आठेक तासांत उरकतं, कारण जीनोमभर हजारो जागांहून एकाच फेरीत नक्कल होते. मग कुठलीही जागा दोनदा सुरू होऊ नये याची काळजी घ्यावी लागते. म्हणून हेलिकेजची कडी फक्त नक्कल सुरू होण्याआधीच्या टप्प्यात बसवली जातात. एकदा नक्कल सुरू झाली की बसवणारी प्रथिनं नष्ट केली जातात किंवा रोखली जातात. पीसीआरमध्ये आपल्याला पुन्हा पुन्हा नक्कलच हवी असते, पेशीला ती एकदाच हवी.

चुकांचं गणित केल्याशिवाय प्रूफरीडिंगची किंमत कळत नाही. नुसतं योग्य अक्षर निवडून पॉलिमरेज साधारण लाखात एक चूक करतं. आपल्या पेशीत गुणसूत्रांचे दोन्ही संच मिळून सहाशे कोटींहून जास्त जोड्या आहेत. म्हणजे प्रत्येक विभाजनात साठ हजारांवर चुका. प्रूफरीडिंग हा आकडा सुमारे शंभर पटींनी खाली आणतं. त्यातून सुटलेलं मिसमॅच दुरुस्ती (नकलेनंतर न जुळणाऱ्या जोड्या सुधारणारी यंत्रणा) पकडते आणि शेवटी दर शंभर कोटी ते हजार कोटी अक्षरांमागे एक चूक उरते. ही दुरुस्ती उलगडल्याबद्दल पॉल मॉड्रिच यांना २०१५चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. तिची जनुकं जन्मतः बिघडलेली असली की लिंच सिंड्रोम होतो आणि आतड्याच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो. टॅकमध्ये प्रूफरीडिंगची खोबणी कामाची नसते. त्यामुळे जनुक क्लोन करायचं असेल तर टॅक वापरू नका, पीएफयूसारखं प्रूफरीडिंग असलेलं पॉलिमरेज घ्या. पट्टा आला का, एवढंच बघायचं असेल तर टॅक उत्तम.

टोकांचा प्रश्न थोडक्यात: लांबट गुणसूत्राच्या अगदी शेवटचा प्रायमर काढला की मागे ३′ टोक नसतं, म्हणून जागा रिकामी राहते आणि टोक आखडत जातं. टेलोमरेज स्वतःचा आरएनए साचा सोबत घेऊन ते लांबवतं. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरोल ग्रायडर यांना ते १९८४ मध्ये टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात दिसलं. आपल्या बहुतेक कायिक पेशींत ते बंद असतं, बहुतेक कॅन्सर पेशींत पुन्हा चालू झालेलं असतं.

एकाच पॉलिमरेजवर भागवणारे निसर्गात अजिबात नाहीत असंही नाही. मातीतल्या बॅसिलस जीवाणूवर जगणारा फाय-२९ हा विषाणू पाहा. माद्रिदच्या मार्गारीता सालास यांनी आयुष्यभर त्यावर काम केलं. त्याच्या पॉलिमरेजला हेलिकेज लागत नाही, समोरचा धागा ते स्वतःच उचकटत जातं. क्लॅम्प लागत नाही, एका बैठकीत सत्तर हजार अक्षरं ते लिहू शकतं. प्रूफरीडिंगही करतं. आरएनए प्रायमरऐवजी एक प्रथिन वापरतं, पहिलं अक्षर थेट त्या प्रथिनावर जोडलं जातं. दोन्ही टोकांपासून अशी सुरुवात होते, म्हणून ओकाझाकी तुकडे नाहीत, लायगेज नाही, टोक आखडण्याचा प्रश्न नाही. पण हे निभतं, कारण जीनोम एकोणीस हजार जोड्यांचा आहे. उचकटलेला धागा तोवर एसएसबीच्या आधाराने एकटा लोंबत राहतो, आणि हे फार लांबीला झेपत नाही. एकाच पेशीतला अतिशय थोडा डीएनए वाढवायचा असेल तेव्हा आम्ही हेच पॉलिमरेज वापरतो. सहा अक्षरांचे सरमिसळ प्रायमर घालायचे, ट्यूब ३० अंशांवर काही तास ठेवायची. थर्मल सायकलरची (पीसीआरसाठी तापमान वर-खाली करणाऱ्या यंत्राची) गरज पडत नाही.